शाळेची चिठ्ठी, घरची सही

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जो पालक आपले मूल शाळेत धाडणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड, हे त्यातले कलमही पुष्कळांना माहीत असते. रोजंदारीवर पोट भरणाऱ्या घराला त्या काळी एक रुपया म्हणजे काय होता, हे सांगायला नको. या कलमाकडे आपण आजवर शिक्षणाच्या इतिहासाच्या अंगाने पाहत आलो आणि महाराजांच्या द्रष्टेपणाचे कौतुक करीत आलो. ते योग्यच आहे. परंतु आरोग्याच्या अंगाने पाहिले म्हणजे त्यातून एक निराळाच प्रश्न समोर येतो. राज्याने दंडाचे भय घालून जे मूल घरातून उठवले आणि वर्गात आणून बसवले, त्याच्या प्रकृतीची जबाबदारी कुणाची? घरी असताना त्याला गोवर आला, खरूज झाली, डोळे आले, तर ते त्या घरापुरते दुखणे होते. चाळीस मुलांच्या मांडीला मांडी लावून ते बसू लागले, तेव्हा ते शाळेचे दुखणे झाले.

हा प्रश्न त्या सुमारास इतरत्रही विचारला जात होता. इंग्लंडमध्ये बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती व्हायला आलेले तरुण मोठ्या संख्येने अशक्त निघाले. त्या धक्क्यातून १९०६ साली शाळेतील जेवणाचा आणि १९०७ साली विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा तेथे झाला. आपल्याकडे हे पाऊल प्रथम उचलले ते बडोद्याने. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ साली आपल्या साऱ्या राज्यात शिक्षण सक्तीचे केले आणि पुढे तीनच वर्षांनी, १९०९ साली, बडोदा शहरातील शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तेव्हापासून मानतात. आधी सक्ती आणि मागोमाग तपासणी, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

मुलाच्या अंगाला सरकारचा हात लागणे मात्र त्याहून शंभर वर्षे जुने होते. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतात ही लस यशस्वीपणे घेणारी ती पहिली व्यक्ती. पुढे कित्येक दशके लस एका मुलाच्या दंडावरील फोडातून काढून दुसऱ्याच्या दंडात घालीत. मराठीत ‘दंड’ या एकाच शब्दाने सरकारने भरायला लावलेले पैसेही दाखवतात आणि बाहूही. आमच्या विषयाचा अर्धा इतिहास त्या एका शब्दात सामावला आहे, असे कधीकधी वाटते! हाताहाताने जाणाऱ्या त्या लशीला घरोघरी विरोध होई. त्यात अडाणीपणाच होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कुणा अनोळखी मुलाच्या अंगातला पू आपल्या लेकराच्या अंगात जाणार, त्याला काय रोग असेल कोण जाणे, ही भीती अगदीच निराधार नव्हती. जातीचा विटाळ त्यात भर घाली. पुढे वासराच्या अंगावर वाढवलेली लस आली आणि ही पद्धत मागे पडली. बेळगावात टिळकवाडीला अशी लस तयार होत असे. तो परिसर आजही ‘व्हॅक्सिन डेपो’ या नावानेच ओळखला जातो, आणि तेथे सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्या नावाचा उगम ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

कोल्हापुरात लोकांनी साथीच्या भयाला आपल्या परीने उत्तर शोधलेच होते. आषाढात मंगळवारी नि शुक्रवारी पंचगंगेचे नवे पाणी घागरींतून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात. ‘पी ढबाक’ हा त्या वाद्यांचा सूर ज्याने एकदा ऐकला तो विसरणार नाही. पहिल्या पुराचे गढूळ पाणी नदीला येते तेव्हाच घरोघरी जुलाब, हगवण, ताप सुरू होतात, हे निरीक्षण त्या रिवाजाच्या मुळाशी असावे असे मला वाटते. शाळाही नेमक्या त्याच दिवसांत उघडतात.

मग प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत तो प्रकटला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. या कायद्याने सरकारला वाटेल ते करण्याची मुभा दिली. पुण्यात काय घडले ते सर्वश्रुत आहे. गोऱ्या शिपायांनी घरे धुंडाळली, देवघरांत नि माजघरांत पाय घातले, आजारी माणसे ओढून नेली. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवरील गोळीबारात झाला. त्याच पुण्याजवळ, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या मुलाला उचलून आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्यातच रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. आजारी मुलाच्या घराचे दार ठोठावण्याच्या दोन रीती एकाच शहरात, काही महिन्यांच्या अंतराने दिसल्या. आपल्या शाळांतून सावित्रीबाईंची तसबीर लावतात ती पहिली शिक्षिका म्हणून. तिच्याखाली हा प्रसंगही मुलांना सांगावा.

शाहू महाराजांना १८९४ साली राज्याधिकार मिळाला आणि लवकरच दुष्काळ व प्लेग अशी दुहेरी आपत्ती त्यांच्यापुढे आली. वस्ती गावाबाहेर मोकळ्या जागी हलवावी, रोग्यांना वेगळे ठेवावे, संस्थानात येणाऱ्यांची तपासणी करावी, हे उपाय कोल्हापुरातही झालेच. सक्ती तेथेही होती. परंतु पुण्यासारखा रक्तरंजित संघर्ष कोल्हापुरात झाला नाही. राजा आपला होता एवढ्यानेच हे साधले, असे म्हणणे फार सोपे होईल. महाराज रयतेत मिसळणारे होते, मोकळ्या माळावर माणसांची सोय काय होईल याचा विचार ते करीत, हे त्यांच्या पुढील सर्व कारभारावरूनही दिसते. १९१९ साली त्यांनी सार्वजनिक दवाखान्यांत व शाळांत अस्पृश्यांना समानतेने वागवण्याविषयी हुकूम काढले. दवाखाना आणि शाळा या दोन्ही जागा त्यांनी एकाच मापाने मोजल्या, ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे. मिरजेला १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी सुरू केलेल्या प्रॉटेस्टंट मिशनच्या रुग्णालयामुळे या भागातील माणसांना शस्त्रक्रियेचा भरवसा वाटू लागला होता, तोही या वातावरणाचा एक भाग.

सक्तीचे शिक्षण सुरू होते न होते तोच १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. जूनमध्ये तो मुंबईत उतरला. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेने मुंबई इलाख्यात हाहाकार उडवला. मुलांना शाळेत आणा असे बजावणाऱ्या राज्यापुढे, त्यांना एकत्र बसू देऊ नका असे सांगणारा रोग उभा राहिला. आपल्या पिढीने १९२० सालानंतर बरोबर शंभर वर्षांनी हाच पेच पाहिला. त्याकडे पुढे वळूच.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तोवर शालेय आरोग्याच्या बाबतीत देशात फारसे काही झालेच नव्हते. १९४६ च्या भोर समितीने शाळकरी मुलांसाठी आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष काढला. १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्याची समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला, आणि अहवालांचे जे होते ते त्याचेही बव्हंशी झाले. काम झाले ते लशींचे. क्षयाविरुद्धची बी.सी.जी. लस १९४९ पासून शाळांत पोहोचू लागली. देवी काढणारा मनुष्य शाळेच्या पडवीत बसला की वर्ग ओस पडत, मुले मागच्या भिंतीवरून उड्या टाकीत, हे वडीलधाऱ्यांकडून कुणी ऐकले नाही? त्या काळी आईबापांना कुणी विचारीत नसे. मूल संध्याकाळी दंड चोळत घरी आले की समजायचे. पण त्या टोचणीचे फळही सांगितले पाहिजे. १९७५ च्या मे महिन्यात भारतात देवीचा शेवटचा रुग्ण आढळला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. आज साठी-सत्तरीत असलेल्यांच्या दंडांवरील ते वाटोळे वण ही त्या विजयाची शेवटची खूण आहे.

पालकांना विचारण्याची रीत पुष्कळ उशिरा आली, आणि ती आली शाळेच्या चिठ्ठीतून. आज शाळेच्या दैनंदिनीत आरोग्याचे एक पान असतेच: कांजिण्या, गोवर, गालगुंड झाले तर मुलाला घरी ठेवावे, परत पाठवताना डॉक्टरांचा दाखला आणावा, कसली ॲलर्जी असल्यास कळवावे, औषध मुलाच्या हाती देऊ नये, कार्यालयात द्यावे. त्यात सरकारी सूचनांची भर पडत गेली. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असा निर्णय काढला; २०१७ साली शाळेच्या उपाहारगृहांतून बर्गर, शीतपेये अशा पदार्थांना बंदी केली. दोन्ही निर्णय चांगले. दप्तर मात्र आजही वाकलेल्या पाठीवरच दिसते आणि वडापावची गाडी फाटकाबाहेर चार पावलांवर उभी असते. चिठ्ठी निघाली म्हणजे काम झाले, असे कार्यालयात मानतात. घरी ती वाचली गेली का, हे कुणी पाहत नाही.

येथे आपल्या समाजाला लागू असलेली एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. आपल्या संस्थांच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून जाणाऱ्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात. कोल्हापूर शहरातील सुशिक्षित घरांचे भागते. पण आजरा, गडहिंग्लज, चंदगड या भागांतून आलेल्या आपल्याच कुटुंबांत घरची भाषा मराठी वा कोकणी असते. आई मिस्सामध्ये मराठीतून प्रार्थना म्हणते आणि मुलाच्या प्रकृतीविषयीचे पत्र मात्र त्या मुलाकडूनच वाचून घेते. जंताच्या गोळीविषयीच्या पत्राचा अर्थ पाचवीतला मुलगा आईला सांगणार, आणि ती सही करणार. ही संमती कसली? ज्या भाषेत आपण पापनिवेदन करतो, त्या भाषेत आरोग्याची सूचना लिहिणे शाळांना जड जाऊ नये.

नुसती सही आणि समजून केलेली सही यांतला भेद २०१८ साली साऱ्या देशाने पाहिला. महाराष्ट्रात त्या वर्षी २७ नोव्हेंबरला गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील सर्व मुलांना, आरंभी शाळांतूनच, एक टोचणी द्यायची होती. रुबेला हा मुलांना थोडक्यात सोडणारा रोग; पण गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत तो झाला तर बाळ बहिरे, मोतीबिंदू झालेले, हृदयात दोष असलेले जन्मू शकते. हे चार ओळींत सांगता आले असते. परंतु पुष्कळ घरांत शाळेच्या चिठ्ठीआधी मोबाइलवरची अफवा पोहोचली, आणि काही पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच धाडले नाही. पुढे जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शाळांत पालकांच्या स्पष्ट संमतीवाचून ही लस देऊ नये, असा आदेश दिला. लशीच्या बाजूने असलेल्या माझ्यासारख्यांना तो प्रथम अडथळा वाटला. विचार केल्यावर वाटते की, संमती मागायचीच आहे म्हटल्यावर समजावून सांगण्यावाचून शाळेला गत्यंतर उरत नाही, आणि अफवेवर दुसरा उतारा नाही.

त्यानंतर दीड वर्षाच्या आतच कोरोना आला. १९१८ चा पेच पुन्हा उभा राहिला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या; २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग स्थानिक परिस्थिती पाहून उघडण्यास परवानगी मिळाली, ती पालकांची लेखी संमती असेल तरच. १९१७ साली मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होता. एकशे तीन वर्षांनी मूल शाळेत पाठवण्यासाठी बापाला लिहून द्यावे लागले. ‘आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर पाल्यास पाठवीत आहोत’ अशा अर्थाची वाक्ये त्या पत्रांत असत. मला ती तेव्हाही खटकली आणि आजही खटकतात. संमती देणे वेगळे आणि जबाबदारीतून शाळेला मोकळे करणे वेगळे. बडोद्याने १९०९ साली डॉक्टर पाठवला, तो ही जबाबदारी अंगावर घेण्यासाठीच.

त्या डॉक्टरचा वारसा आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला त्याचा आरंभ झाला. त्याची फिरती पथके सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा जातात. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वांची उणीव, आजार, वाढीतील दोष यांची तपासणी होते, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंतचा उपचार विनामूल्य मिळतो. ज्याच्यात दोष आढळेल त्या मुलाला पुढील रुग्णालयासाठी पत्र देतात. शिक्षकांनी ते पत्र दप्तरात घालून न पाठवता पालकांना बोलावून त्यांच्या हाती द्यावे, त्यांच्या भाषेत समजावावे, आणि आठ दिवसांनी ‘जाऊन आलात का?’ म्हणून विचारावे. त्याला शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही.