मोहाची शास्त्रीय नावे

बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर मोह हा परिचित वृक्ष आहे. गोंड, बैगा वा पोवार कुटुंबास त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. घोटाळा होतो तो ग्रंथांत. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतविषयक १९१६ च्या ग्रंथात मोह ‘बॅसिया लॅटिफोलिया’ आहे. पुढे तो ‘मधुका इंडिका’ झाला आणि आज ‘मधुका लाँगिफोलिया’ म्हणून आढळतो. ही नावे का बदलली, हे अध्यापकांनी जाणणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम प्रजातीचे नाव पाहू. दक्षिण भारतात वनस्पती गोळा करणाऱ्या कोनिग याने इटालियन शास्त्रज्ञ बासी याच्या गौरवार्थ ‘बॅसिया’ हे नाव योजिले व लिनीअसने ते १७७१ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु आल्लिओनी याने १७६६ मध्येच तेच नाव चाकवताच्या जवळच्या एका प्रजातीस दिले होते. अग्रक्रमाच्या नियमाने मोहाचे नाव गळाले. चार्ल्स हॅमिल्टनने १७८८ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये या वृक्षाचे वर्णन केले होते, त्याच्या आधारे ग्मेलिनने १७९१ मध्ये दिलेले ‘मधुका’ हे नाव टिकले. संस्कृत ‘मधूक’ अशा रीतीने शास्त्रात स्थिरावला.

जातीच्या नावाचा प्रश्न निराळा आहे. दक्षिणेकडील अरुंद पानांचा मोह ‘लाँगिफोलिया’. आपल्याकडील रुंद पानांच्या मोहास रॉक्सबर्गने १७९५ मध्ये ‘लॅटिफोलिया’ म्हटले. या दोन स्वतंत्र जाती मानल्या, तर आपल्या मोहास १७९१ चे ‘इंडिका’ हे नाव लागू पडते. एकच जाती मानली, तर १७७१ चे ‘लाँगिफोलिया’ अग्रक्रम पावते. शेव्हालिए याने १९४३ मध्ये रुंद पानांच्या मोहास ‘लाँगिफोलिया’चा ‘लॅटिफोलिया’ हा प्रकार ठरविले. हेच मत आज बहुधा ग्राह्य धरले जाते. तेव्हा नावातील हा फरक अज्ञानाचा नसून जातीची सीमा कोठे आखावी याविषयीच्या मताचा आहे.

याचे महत्त्व केवळ वनस्पतिशास्त्रापुरते नाही. आजच्या कोशात ‘बॅसिया’ शोधणाऱ्या विद्यार्थ्यास चाकवतासारखी लहान झुडपे सापडतील. मग जुन्या कागदपत्रांतील रानातल्या माणसांचे अन्न, तेल व मद्य यांविषयीचे उल्लेख तो कोणत्या झाडाशी जोडील? म्हणून अध्यापकांनी आजचे नाव शिकवावे, जुनी नावे त्यांच्या सनांसह सांगावीत आणि त्या सर्वांच्या आधी ‘मोह’ हे नाव फळ्यावर लिहावे, असे आम्ही सुचवितो.