कुत्र्याचा कान, एक माशी आणि एक खाच

ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या दोन आदेशांमुळे देशभर गाजला. ११ ऑगस्टच्या आदेशाने दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्यास सांगितले. २२ ऑगस्टच्या सुधारित आदेशाने, रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री वगळता, इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्याची मुभा दिली. नसबंदी झालेले कुत्रे रस्त्यावर ओळखायचे कसे, याचे उत्तर त्याच्या कानावर असते: कडेला कापलेली एक छोटी खाच. ही खाच म्हणजे मुद्दाम केलेली जखमच. आणि उष्ण कटिबंधात कुत्र्याच्या शरीरावर जखम करण्यास कानाहून वाईट जागा क्वचितच सापडेल.

कानाची पाळी म्हणजे पातळ कूर्चा आणि तिच्या दोन्ही अंगांना घट्ट चिकटलेली त्वचा. तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. कुत्रे डोके झटकते, धरलेली खपली सुटते, रक्त पुन्हा वाहू लागते. मागच्या पायाने खाजवावे तर नखे लागतात. स्वतःची बहुतेक जखम कुत्रे चाटून साफ ठेवते. कानापर्यंत मात्र त्याची जीभ पोहोचत नाही. गोचीड, कानातील खरजेचे कीटक, भांडणातला चावा, चावऱ्या माश्यांनी सोललेली कानाची टोके, यांपैकी कशानेही सुरुवात होऊ शकते. पावसाळ्यात अशा जखमेत दोन दिवसांत किडे पडतात.

हे किडे येतात कोठून? सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात माणसाच्या कर्णरोगांमध्ये 'कृमिकर्ण' सांगितला आहे आणि माश्या कानात प्रजा निर्माण करतात, हे एक कारणही तेथे दिले आहे. यावरून प्राचीनांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. पण निरीक्षण अचूक होते, एवढे मान्य करावे लागते. युरोपात फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये झाकलेल्या आणि उघड्या मांसाचे प्रयोग प्रसिद्ध करून अळ्या मांसातून आपोआप उपजत नाहीत हे दाखवले. तरीही एक प्रश्न उरलाच. सडक्या मांसावर माश्या बसतात हे ठीक. जिवंत प्राण्याचे ताजे मांस खाणारी माशी कोणती?

भारतापुरते या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मिळाले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील वॉल्टर स्कॉट पॅटन यांनी मद्रासजवळच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये काम केले होते, एफ. डब्ल्यू. क्रॅग यांच्यासह त्यांनी लिहिलेला वैद्यकीय कीटकशास्त्राचा मोठा ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे माणसांच्या व जनावरांच्या जखमांतील अळ्यांचा अभ्यास करताना त्यांनी क्रायसोमिया बेझियाना या माशीकडे बोट दाखवले. हिरवट-निळ्या चकाकीची ही माशी मृत मांसावर अंडी घालत नाही. जिवंत प्राण्याच्या जखमेच्या कडेला ती शंभराहून अधिक अंडी एका पुंजक्यात चिकटवते. दिवसाभरात अळ्या बाहेर पडतात, डोके आत खुपसून पाच ते सात दिवस मांस खातात आणि मग कोष करण्यासाठी मातीत गळून पडतात. जखमेच्या वासाने तोवर दुसऱ्या माश्या आलेल्या असतात. म्हणूनच नखाएवढी चीर आठवड्याभरात अर्धा कान खाऊन टाकते.

अळीची एक लकब उपचाराच्या इतिहासात फार महत्त्वाची ठरली. तिची श्वासरंध्रे शेपटाकडे असतात. आत रुतलेली असतानाही तिला मागचे टोक हवेत ठेवावे लागते. जखमेत टर्पेंटाइन घातले की ती कासावीस होऊन वर येते आणि चिमट्याने काढता येते. या तेलाने जखमेची आग होते, ऊतीही भाजते, तरी पिढ्यान् पिढ्या तेच वापरले गेले. खेड्यांत सीताफळाच्या पानांचा लगदा भरत असत; त्या पानांत व बियांत कीटकनाशक द्रव्ये असतात, तेव्हा तो निव्वळ समजुतीचा भाग नव्हता. रॉकेल ओतण्याची सवय मात्र सरळ सरळ घातक. कातडी पोळते, आणि कुत्र्याच्या पोटात गेले तर विषबाधा होते.

पुढचा टप्पा जपानमधला. सातोशी ओमुरा यांनी इतो शहराजवळच्या मातीतून मिळवलेल्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन तयार झाले आणि १९८१ मध्ये ते पशुवैद्यकात आले. २०१५ च्या नोबेल पारितोषिकात ओमुरा यांच्याबरोबर विल्यम कॅम्पबेल यांचाही वाटा होता. एका सुईने अळ्या मरू लागल्या. पण कोली जातीची काही कुत्री या औषधाने बेशुद्ध होत, मरतही. एमडीआर-१ या जनुकातील दोषामुळे औषध त्यांच्या मेंदूत साचते, हे २००१ मध्ये उलगडले. औषधाच्या दुकानातून कुपी आणून अंदाजाने टोचणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. शिवाय औषधाने अळ्या मेल्या तरी त्या काढणे, मृत ऊती साफ करणे आणि जखम माशीपासून झाकणे चुकत नाही.

कायद्याचा इतिहास याला समांतर चालतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून पुढे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. डॉबरमनचे कान ताठ दिसावेत म्हणून कापण्याची हौस त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिली. २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनी पैदास करणाऱ्यांना ती स्पष्टपणे निषिद्ध केली. मात्र २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानावर खूण करण्यास सांगितले होते. शोभेसाठीचा छेद गुन्हा, ओळखीसाठीचा छेद नियम. यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. दुसऱ्या छेदामुळे त्याच मादीला पुन्हा पकडून तिचे पोट उघडण्याची वेळ टळते.

शिवाय ही खूण दुरूनही मोजता येते. जयपूरमध्ये नोव्हेंबर १९९४ ते डिसेंबर २००२ या काळात २४,९८६ कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण झाले. माद्यांपैकी ६५ टक्के त्यात आल्या आणि कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली, असे जॅक रीस व सुनील चावला यांनी २००६ मध्ये नोंदवले.

खाच मात्र नीट पाडलेली हवी. नसबंदीची भूल असतानाच ती कापतात, कड तापलेल्या उपकरणाने डागून रक्त बंद करतात आणि कुत्रे सोडण्यापूर्वी कान पुन्हा तपासतात. घाईत चालणाऱ्या केंद्रात नेमकी ही शेवटची तपासणी गळते. ओली कड घेऊन कुत्रे रस्त्यावर जाते, आणि पुढचे सहा-सात दिवस त्या कानाकडे लक्ष असते ते फक्त माशीचे.