कोण कोणाच्या दारी? छत्तीसगडातील कुष्ठसेवेची सव्वाशे वर्षे



बीरगांव हे रायपूरला लागून असलेले कामगारांचे गाव. शेजारी उरला, पुढे सिलतरा. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने, भट्ट्या. इथल्या कामगाराच्या हाताला चटके आणि ओरखडे नेहमीचेच. पण चटका बसला, फोड आला आणि दुखलेच नाही, असे कोणी सांगितले तर? आपण म्हणू, काम करून करून हात निबर झाला असेल. पुष्कळदा ते खरेही असते. मात्र न दुखणारी जखम ही कुष्ठरोगाची फार जुनी खूण आहे, हे भट्टीशेजारी काम करणाऱ्याने आणि त्याच्या मुकादमाने विसरू नये.

औद्योगिक सुरक्षेच्या तासाला मी हे सांगितले तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण तो रोग तर संपला ना?" त्याचे फारसे चुकले नव्हते. डिसेंबर २००५ मध्ये भारताने कुष्ठरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठले, असे सरकारनेच जाहीर केले होते. मग छत्तीसगडात आजही नवे रुग्ण का सापडतात? याचे उत्तर थोडे इतिहासात आहे आणि थोडे गणितात. इतिहास वाचताना एक प्रश्न मनात धरून ठेवा: मदत करणारा आणि रुग्ण, यांच्यात कोण कोणाच्या दारी गेले?

आधी शब्दांविषयी

जुन्या मराठीत या रोगाला महारोग किंवा रक्तपिती म्हणत. 'महारोगी' हा शब्द माणसाचे नाव, गाव, जात, धंदा सगळे पुसून टाकत असे. रोग देहाला होई, पण नाव पूर्ण माणसाला लागे. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी या रोगाचे जंतू शोधून काढले. रोग पापाने होतो की रक्ताच्या नात्याने उतरतो, हा वाद तिथेच मिटायला हवा होता. तो मिटला नाही. उलट 'जंतू' म्हटल्यावर लोकांची भीती वाढली आणि माणसांना वेगळे ठेवण्याला शास्त्राचा आधार मिळाला.

१८९८ चा कायदा याच भीतीतून आला. प्रांतिक सरकारने अधिसूचना काढली की तो त्या भागात लागू होई. भीक मागून जगणाऱ्या निर्धन रुग्णाला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत आणि त्याची रवानगी आश्रयगृहात करता येई. रुग्णांनी कोणते धंदे करू नयेत, कोणत्या विहिरीवर जाऊ नये, हेही ठरवता येई. ज्याच्याकडे घर आणि पैसा होता, त्याला हा कायदा सहसा गाठत नव्हता. म्हणजे कायद्याने पकडला जाई तो रोगी आणि गरीब असा दोन्ही असलेला माणूस. हा कायदा अखेर रद्द झाला तो २०१६ मध्ये. वर्ष पुन्हा वाचा, छपाईची चूक नाही.

मिशनची आश्रयगृहे

रायपूरहून बिलासपूरकडे जाताना रस्त्यावर बैतलपूर लागते. तिथल्या चांदखुरीला १८९७ मध्ये जर्मन-अमेरिकन इव्हँजेलिकल मिशनने कुष्ठरुग्णांसाठी आश्रयगृह काढले. ते वर्ष दुष्काळाचे होते. माणसे अन्नाच्या शोधात बाहेर पडली होती आणि ज्यांना गावाने आधीच बाहेर काढले होते त्यांना तर कुणीच वाली नव्हता. पाच वर्षांनी, १९०२ मध्ये, चांपा येथे मेनोनाइट पंथाचे पी. ए. पेनर यांनी दुसरे आश्रयगृह सुरू केले. अशा कामांना पैसा पुरवणारी मोठी संस्था होती वेलस्ली बेली या आयरिश गृहस्थांनी १८७४ मध्ये स्थापलेली 'मिशन टू लेपर्स'. आज तिलाच आपण 'लेप्रसी मिशन' म्हणून ओळखतो.

या कामाचे मोल कमी लेखू नये. ज्याला सख्खा भाऊ शिवत नव्हता त्याच्या जखमा धुणे हे काम त्या काळी दुसरे कोणी करत नव्हते. कडूकवठीच्या, म्हणजे चालमोगऱ्याच्या जातीच्या तेलाची टोचणी हाच काय तो उपचार होता. ती फार दुखे आणि गुण बेताचाच येई. अन्न, छप्पर आणि मलमपट्टी ही खरी सेवा होती.

पण आश्रयगृहाला कुंपण होते. त्या काळच्या अशा बहुतेक गृहांत स्त्रिया व पुरुष वेगळे ठेवत आणि निरोगी मुलांना आईबापांपासून दूर, वेगळ्या घरात वाढवत. रुग्ण दारी आला की दार उघडे. आत आल्यावर मात्र बाहेर जाण्याचा रस्ता नव्हता, कारण गावाचे दार बंदच होते. शिवाय सेवेबरोबर धर्मोपदेश येई. स्वातंत्र्यानंतर यावरून मोठा वाद झाला. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. तो वाद आजही शमलेला नाही. माझे मत एवढेच की हा प्रश्न रुग्णाच्या बाजूने पाहावा. ज्याच्यापुढे दुसरे दारच नाही त्याच्या होकाराला किती वजन द्यायचे?

रेल्वेतले कात्रे

हा प्रश्न ज्यांनी स्वतः भोगला ते सदाशिव गोविंद कात्रे. जन्म १९०९, गाव गुणा जिल्ह्यातले आरोन. घराणे मराठी. (रायपूर-बिलासपूरकडच्या वाचकाला मराठी आडनावाचे नवल वाटणार नाही. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राहिले तेव्हापासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत. कात्रे मात्र या भागात आले ते आजारामुळे.) झाशीला रेल्वेत नोकरी होती. पत्नी आधीच वारली होती, एक मुलगी होती. त्यात कुष्ठरोग जडला आणि हळूहळू ओळखीचे लोक टाळू लागले.

उपचारासाठी कात्रे बैतलपूरच्या त्याच मिशन रुग्णालयात आले. तिथे बरे वाटले, पुढे तिथेच रुग्णांची कामेही करू लागले. परंतु उपचाराला जोडून येणारा धर्मप्रचार त्यांना रुचेना. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी हकीकत अशी, की त्यांनी मध्य प्रदेशचे राज्यपाल हरि विनायक पाटसकर यांच्याकडे गाऱ्हाणे नेले आणि पाटसकरांनी उलट विचारले, तुम्हीच दुसरी व्यवस्था का उभी करत नाही?

१९६२ मध्ये कात्र्यांनी चांप्याजवळ सोंठी येथे मूठभर रुग्णांसह भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. सुरुवात झोपडीतली. पैसा नव्हता, धान्य मागून आणावे लागे. मागायला जाणारा माणूस स्वतः रुग्ण, म्हणजे प्रत्येक दारावर दोनदा परीक्षा. कात्रे संघाचे स्वयंसेवक होते आणि त्या वर्तुळातून त्यांना मदत मिळाली, हे नोंदवायला हवे. त्यापेक्षा महत्त्वाचे मला वाटते ते वेगळे आहे. छत्तीसगडात तोवर रुग्ण हा नेहमी दुसऱ्याच्या संस्थेत पाहुणा असे. इथे पहिल्यांदा यजमान रुग्ण होता. १९७७ मध्ये कात्रे वारले. आज त्या जागेला कात्रेनगर म्हणतात.

दुसरे नाव दामोदर गणेश बापट यांचे. जन्म १९३५, अमरावती जिल्ह्यातले पथ्रोट. योगायोग पाहा: याच अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले होते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांचे काम १९३६ पासून चालू होते आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आकार घेत होते. विदर्भात वाढलेल्या मुलाला कुष्ठसेवा हा शब्द परका नव्हता. बापट आधी जशपूरला वनवासी कल्याण आश्रमात शिकवायला आले आणि १९७२ मध्ये सोंठीला पोहोचले, ते कायमचे. त्यांना स्वतःला हा रोग नव्हता. तरी ते रुग्णांच्यातच राहिले आणि रुग्णांनी रांधलेले जेवले. ऐकायला ही साधी गोष्ट वाटते. पण कोणाच्या हातचे खावे यावर ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली, तिथे ते ताट म्हणजे जाहीर विधान होते.

कात्रेनगरात शेती आहे, गोशाळा आहे, खडू, दोर आणि सतरंज्या तयार होतात, मुलांसाठी शाळा व वसतिगृह आहे. खडूपाशी मी थोडा थांबतो, कारण तो आपल्या धंद्यातला. बोटांतली संवेदना गेलेल्या माणसाला धारेचे किंवा तापलेले हत्यार देता येत नाही. त्याला कापले-भाजले तरी कळत नाही. खडू साच्यात ओतून वाळवायचा असतो. त्यात धार नाही आणि भट्टीही नाही. पुनर्वसनासाठी काम निवडताना हा विचार करावा लागतो. बापटांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला.

गोळ्या आल्या

आता वैद्यकाकडे वळू. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि त्यातले डॅप्सोन स्वस्त असल्याने सगळीकडे पोचले. पण ते वर्षानुवर्षे घ्यावे लागे आणि जंतू त्याला दाद देईनासे होत. म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन एकत्र देण्याची बहुविध औषधपद्धती आली. भारतात १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रम तिच्यावर उभा राहिला. सौम्य प्रकाराला ६ महिने, तीव्र प्रकाराला आधी २४ आणि पुढे १२ महिने. औषध मोफत. उपचार सुरू झाला की संसर्ग पसरवण्याची शक्ती लवकरच नाहीशी होते.

म्हणजे कुंपणाचे कारणच संपले. रुग्णाने घरी राहावे, भट्टीवर काम करावे, लग्न करावे, मुले वाढवावीत. कायदा मात्र मागून रांगत आला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते वगळणारी दुरुस्ती २०१९ मध्ये झाली.

जंतू मेले तरी मेलेली नस परत येत नाही, हेही समजून घ्या. हातापायांच्या नसा गेल्या की बोटे वळतात आणि तळव्याला जखमा होतात. त्यासाठी मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल देतात. शोर मापनावर सुमारे १५ अंश कडकपणा असलेले हे रबर तळव्यावरचा दाब पसरवते. साध्या चपलेत तो एकाच बिंदूवर येतो. चेहऱ्याची नस गेली तर पापणी मिटत नाही. बुबुळाची संवेदनाही गेली असेल, तर धुळीचा कण आत पडल्याचे कळत नाही, डोळा कोरडा पडतो, व्रण होतो आणि माणूस आंधळा होतो. हाताला स्पर्श कळत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही, अशी अवस्था झालेल्या माणसाला जग कळायला काय उरते? वेळेवर निदान झाले असते तर हे टळले असते.

सरासरीचा फसवा आकडा

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने निर्मूलनाची व्याख्या ठरवली: दर १०,००० लोकांमागे १ पेक्षा कमी रुग्ण. यात 'रुग्ण' म्हणजे उपचारासाठी नोंद असलेला माणूस. तुम्ही अभियंते होणार आहात. टाकीतले पाणी किती, हे येणारा प्रवाह आणि पाणी टाकीत राहण्याचा काळ यांच्या गुणाकारावर ठरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. उपचाराचा काळ २४ महिन्यांवरून १२ वर आणला की त्या प्रकारच्या रुग्णांची नोंद काही काळात अर्धी होते. नव्याने आजारी पडणारा एकही माणूस कमी झालेला नसतो. उपचार कमी काळात होतो ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यामुळे घटलेला आकडा रोग घटल्याचा पुरावा नव्हे.

शिवाय १ पेक्षा कमी ही देशाची सरासरी. छत्तीसगड त्या वेळीही रेषेच्या वर होता आणि पुढेही अनेक वर्षे वरच राहिला. घोषणेनंतर लोकांना वाटले, संपले. या रोगाचा उबवणकाळ सरासरी ३ ते ५ वर्षे, कधी २० वर्षांपर्यंत. शोध थांबला की आकडा खाली जातो आणि रोग शांतपणे चालू राहतो. २०१६ पासून घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याच्या मोहिमा पुन्हा घ्याव्या लागल्या, त्या याचमुळे.

छत्तीसगडात अशा वेळी दारी येते ती मितानिन. हा कार्यक्रम इथे २००२ च्या सुमारास सुरू झाला आणि देशातल्या आशा योजनेआधीचा आहे. 'मितान' म्हणजे विधी करून जोडलेला जिवलग मित्र; मितानिन ही तशी मैत्रीण. ती त्याच पाड्यातली असते, म्हणून पाठीवरचा फिकट किंवा लालसर चट्टा तिला दाखवायला बाईमाणूस लाजत नाही. गावात हे जमते. कामगार वस्तीत अवघड जाते. भाड्याच्या खोल्यांतून परप्रांतातले मजूर, दिवसपाळी-रात्रपाळी, मोहीम दाराशी येते तेव्हा दाराला कुलूप. नोकरी जाईल या भीतीने माणूस चट्टा लपवतो. १८९७ मध्ये रुग्ण आश्रयगृहाच्या दारी जात होता, आता तपासणारी त्याच्या दारी येते, आणि तो घरी नसतो.

स्वाध्याय: समजा एका औद्योगिक वस्तीत १,००,००० लोक राहतात आणि तिथे ८ रुग्ण उपचाराखाली नोंदलेले आहेत. व्याख्येप्रमाणे या वस्तीत कुष्ठरोगाचे निर्मूलन झाले आहे का, ते काढा. मग असे धरा की रात्रपाळीच्या २०,००० कामगारांची तपासणी झालीच नाही. उरलेल्या लोकसंख्येसाठी दर पुन्हा काढा, आणि त्या २०,००० जणांपर्यंत पोचायला दिवसाच्या कोणत्या वेळी, कुठे उभे राहाल, ते चार ओळींत लिहा.