तळटीप ७ : वेल्श नॉट

ही गाठ नव्हे. १९व्या शतकात वेल्समधल्या काही शाळांत वापरला जाणारा हा लाकडाचा लहानसा तुकडा. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात तो अडकवत. पुढे दुसऱ्या कुणाच्या तोंडून वेल्श निघाली, की तो त्याच्याकडे जाई आणि शाळा सुटताना ज्याच्यापाशी असेल, त्याला छडी. साहजिकच चुगली हाच सुटकेचा मार्ग उरे. सरकारने असा नियम केलेला नव्हता. इंग्रजी आली तर पोरगं पोटाला लागेल, म्हणून कित्येक पालकही त्याकडे काणाडोळा करत.

हीच युक्ती वसाहतकालीन केनियात पोहोचलेली दिसते. लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी ‘डीकॉलोनायझिंग द माइंड’ (१९८६) या पुस्तकात तिचं वर्णन केलं आहे. तिथे गिकुयू बोलणाऱ्या मुलांमध्ये लाकडाऐवजी बटण फिरे.

वेल्श टिकली. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक कारभारात तिला इंग्रजीच्या बरोबरीने वागवण्याचं तत्त्व आलं, तर २०११मध्ये वेल्समध्ये तिला अधिकृत दर्जा मिळाला. २०२१च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार जणांनी, म्हणजे तीन वर्षांवरील लोकसंख्येच्या १७.८ टक्क्यांनी, वेल्श येत असल्याचं नोंदवलं.

रस्त्यावरच्या पाट्या आता दोन्ही भाषांत असतात. २००८मध्ये स्वान्झीत अवजड वाहनांना मनाई करणारी अशीच एक पाटी लागली. तिचा वेल्श मजकूर मात्र अनुवादकाचं ईमेलवरचं आपोआप आलेलं उत्तर होतं : मी सध्या कार्यालयात नाही, अनुवादाचं काम पाठवून द्या. (संपा.)