नाताळच्या बँड-तबकड्या आणि साष्टीचा ध्वनि-इतिहास : एक साधनचिकित्सा

जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह हा सामान्यतः छंद समजला जातो. त्यामुळे छंदातून जमलेली सामग्री इतिहासाचे साधन म्हणून वापरताना जी चिकित्सा अवश्य करावयास हवी, ती बहुधा होत नाही. लष्करी बँडांनी वाजविलेल्या नाताळगीतांच्या तबकड्या हे याचे बोलके उदाहरण होय. अंधेरी किंवा बोरीवली येथील एखाद्या गावठाणातील जुन्या घरात अशी तबकडी सापडली, की येथील ख्रिस्ती समाजाचा जुना नाताळ असाच वाजत होता, असा निष्कर्ष सहज काढला जातो. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे, हे पाहण्यासाठी प्रथम तबकडी कशी घडली आणि मग ती कोठे पोहोचली, याचा विचार करणे प्राप्त आहे.

लंडनमध्ये १८९८ साली ग्रामोफोन कंपनी स्थापन झाली. तेव्हापासून १९२५ पर्यंतचे ध्वनिमुद्रण केवळ यांत्रिक होते. वादक एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत. कर्ण्याच्या टोकाशी असलेला पडदा कंप पावे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या पृष्ठभागावर रेघ कोरीत जाई. या कर्ण्याला सर्व वाद्ये सारखी ऐकू येत नसत. व्हायोलिनचा आवाज त्यात क्षीण होई, गायकवृंदाचे स्वर एकमेकांत मिसळून जात, मोठ्या ढोलाचा आघात सुईला झेपत नसे. पितळी वाद्ये आणि क्लॅरिनेट यांचा नाद मात्र ठसठशीत उमटे. लष्करी बँडांना आरंभीच्या मुद्रणांत जे अग्रस्थान मिळाले, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे. दुसरे कारण संघटनेचे. लंडनजवळील नेलर हॉल येथे १८५७ पासून लष्करी संगीताचे शिक्षण दिले जात होते. तेथील शिस्तीत तयार झालेले वादक अल्प सरावात निर्दोष वादन करीत, आणि मेणाचा साचा वाया जाण्याची भीती असलेल्या मुद्रकाला हा गुण मोलाचा वाटे. कोल्डस्ट्रीम गार्ड्‌स या पलटणीचा बँड मॅकेन्झी रोगन यांच्या नेतृत्वाखाली मुद्रणासाठी वारंवार बोलाविला गेला तो याचमुळे. कंपनीच्या आरंभीच्या क्रमांकपद्धतीतही बँडांचे हे स्थान दिसते. तीत एक अंक भाषा किंवा प्रदेश दर्शवी व त्यापुढील अंक संगीताचा प्रकार. त्या प्रकारांत शून्याचा, म्हणजे अगदी पहिला, गट बँडांचा होता. पुरुषकंठाला दोनचा व स्त्रीकंठाला तीनचा गट मिळाला होता.

नाताळची भजने मुळात समूहाने गावयाची. ती शब्दांविना बँडवर वाजविली गेली, यात रसिकांच्या आवडीचा जेवढा वाटा आहे तेवढाच, किंबहुना अधिक, कर्ण्याच्या मर्यादेचा आहे. १० इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. म्हणून अनेक भजनांची मुखडेवजा कडवी एकत्र गुंफून त्यांची मालिका करण्याची पद्धत रूढ झाली. पुढे विद्युत् मुद्रण आले. ३१ मार्च १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये कोलंबिया कंपनीने ८५० कंठांचे समूहगायन मुद्रित केले. नव्या तंत्राच्या अगदी आरंभीच्या या तबकडीवर ‘अडेस्टे फिडेलिस’ हे नाताळचेच भजन होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. कर्ण्याला जे साधले नव्हते ते मायक्रोफोनने साधताच गायकवृंद व ऑर्गन यांना वाट मोकळी झाली आणि बँडाची मक्तेदारी ओसरली. तात्पर्य, १९२५ पूर्वीच्या तबकड्यांतील बँडांचे प्राबल्य हे त्या काळच्या नाताळाचे प्रमाण नसून त्या काळच्या यंत्राचे प्रमाण आहे.

आता साष्टीकडे वळावे. भारतातील पहिले मुद्रण १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास केले आणि १९०८ मध्ये त्याच शहरात कंपनीचा कारखाना सुरू झाला. ज्या लाखेपासून या तबकड्या बनत ती लाख प्रामुख्याने भारतातूनच जाई. तबकडीचे द्रव्य असे देशी असले, तरी तिच्यावरील नाताळ विलायती होता. उलट साष्टीतील ख्रिस्ती धर्माची परंपरा इंग्रजांच्या आगमनाहून जुनी आहे. १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. बोरीवलीजवळच्या मंडपेश्वरास फ्रान्सिस्कन पंथीयांनी व अंधेरीच्या परिसरात जेझुइटांनी आपली ठाणी वसविली. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी हा प्रदेश जिंकला आणि १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे आली. तरी गावोगावची देवळे व त्यांभोवतीचे धर्माचार टिकून राहिले. येथील समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, धारण केले. परंतु त्याची बोली मराठी राहिली आणि सणाचे नावही ‘नाताळ’ हेच राहिले. हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’पासून आला आहे. तबकडीच्या चिठ्ठीवर ‘ख्रिसमस’ आणि ती ऐकणाऱ्या घरात ‘नाताळ’, या एका भेदात दोन निरनिराळे इतिहास सामावलेले आहेत.

असे असूनही बँड साष्टीला परका नव्हता. ईस्ट इंडियन लग्नात उंबराचे पाणी आणावयास मंडळी विहिरीकडे निघतात तेव्हा पुढे बँड वाजतो, हे सर्वश्रुत आहे. मग ही वाद्ये गावकऱ्यांनी तबकडी ऐकून उचलली काय? कालक्रम पाहता तसे म्हणता येत नाही. गोव्यात चर्चशी संलग्न शाळांतून स्वरलेखन व वादन यांचे शिक्षण दिले जाई, आणि तेथे तयार झालेले वादक एकोणिसाव्या शतकातच ब्रिटिश हिंदुस्थानातील बँडांत नोकरी करू लागले होते. बूझीसारख्या लंडनच्या प्रकाशकांनी छापलेल्या वादनप्रतीही त्याच शतकात पलटणींना मिळत होत्या. ग्रेगरी बूथ यांनी ‘ब्रास बाजा’ या २००५ च्या ग्रंथात भारतीय लग्नबँडांचा जो शोध घेतला आहे, त्यातही लष्करी परंपरेशी असलेला हा दुवा स्पष्ट होतो. सारांश, बँड येथे आला तो माणसांच्या व छापील कागदांच्या द्वारे. तबकडी मागाहून आली.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी दहावे पायस या पोपांनी धर्मसंगीताविषयी जो आदेश काढला, त्यात चर्चच्या आत बँड वाजविण्यास स्पष्ट मनाई होती. बाहेरच्या मिरवणुकीत मात्र बिशपांच्या अनुमतीने तो चाले. म्हणजे नियमानुसार बँडाची जागा चर्चच्या दाराबाहेर होती आणि आत लॅटिन उपासनेचे संगीत होते. तबकडीत ही आत-बाहेरची सीमा मुळीच उमटत नाही. ऐकणाऱ्याला ती पवित्र संगीताची वाटते. वस्तुतः ती ज्या वादनाची प्रतिमा आहे त्याचे स्थान अंगणात व रस्त्यावर होते.

मग या तबकड्यांचा इतिहासकारास उपयोग काय? उपयोग आहे, परंतु तो संग्राहकाच्या नोंदींवर अवलंबून आहे. सूचीक्रमांकावरून प्रकाशनाचा काळ कळतो. मधल्या कोऱ्या भागात कोरलेल्या साचाक्रमांकावरून मुद्रणाचा. एकाच साच्यातून पुढे अनेक वर्षे प्रती निघत असल्याने या दोहोंची गल्लत करणे घातक ठरते. वेगाचा प्रश्न तर अधिक नाजूक आहे. आरंभीच्या तबकड्यांचा वेग मिनिटास ७८ फेरे असा निश्चित नव्हता. तो स्वरावरून ठरवावा म्हटले, तर ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सुमारे ४५२ कंपनांचा उंच ‘ए’ स्वर वापरीत होते. आजचा ४४० चा स्वर गृहीत धरून यंत्र जुळविणारा संग्राहक अशी तबकडी पावणेतीन टक्क्यांनी संथ वाजवितो आणि ती मूळ लयच समजतो.

याहूनही महत्त्वाची नोंद म्हणजे प्राप्तिस्थानाची. तबकडी कोणत्या गावठाणातून आली, पाकिटावर कोणत्या दुकानाचा शिक्का आहे, सोबत आणखी कोणत्या तबकड्या होत्या, तिच्या रेघा झिजल्या आहेत की ती जवळजवळ न वाजविताच पडून राहिली, या गोष्टी संगीताइतक्याच बोलक्या असतात. झिजलेली तबकडी ऐकली गेली होती एवढे तरी निश्चितपणे सांगते. पण असे घर मोडून त्यातील तबकड्या चोरबाजारात गेल्या, की हे सर्व पुरावे एकदम नष्ट होतात आणि उरते ते केवळ लंडनचे मुद्रण, ज्याच्या प्रती जगात इतरत्रही आहेत. मायकेल किनियर यांनी कंपनीच्या १८९९ ते १९०८ मधील भारतीय मुद्रणांची सूची १९९४ साली प्रसिद्ध केली, आणि १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने संग्राहकांत नोंदी ठेवण्याची शिस्त रुजविली. परंतु सूची तबकडीचा जन्म सांगते. तिचे पुढील आयुष्य सांगणे हे ज्याच्या हाती ती प्रथम पडते त्याचेच काम आहे.

अंधेरी व घाटकोपर १९५० साली, बोरीवली व मुलुंड १९५७ साली मुंबईच्या हद्दीत आली. त्यानंतर गावांभोवती इमारती उभ्या राहिल्या आणि गावठाणांतील घरे क्रमशः कमी होत गेली. साष्टीच्या गावबँडांचे वादन बहुतांशी मुद्रणावाचूनच विरून गेले. विलायती बँडांचे मात्र लाखेत टिकले. जे टिकले त्यालाच जे होऊन गेले त्याचे प्रमाण मानण्याचा मोह येथे सर्वांत मोठा आहे. तो टाळावयाचा असेल तर प्रत्येक तबकडीबरोबर तिच्या घराची नोंद, आणि शक्य तेथे त्या गावातील वृद्ध वादकांची मौखिक साक्ष, एकत्र ठेवली पाहिजे. तबकडीवरील नाताळ आणि गावातील नाताळ यांतील अंतर मोजण्याचे दुसरे साधन आता उरलेले नाही.