एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधील स्ट्रिंग-दोष

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे कार्यप्रणालीने प्रत्येक प्रक्रियेला दिलेली नाव व मूल्य यांची जोडी. ही सुविधा १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आली. मूल्य नेहमी स्ट्रिंग असते. संख्या, सत्य-असत्य वा यादी असा अर्थ प्रोग्रामला स्वतः लावावा लागतो. बहुतेक दोष याच टप्प्यावर उद्भवतात.

सामान्य दोष

* अभाव आणि रिक्तता: व्हेरिएबल नसल्यास सी भाषेतील गेटएन्व्ह फंक्शन नल पॉइंटर देते. तो न तपासता वापरल्यास प्रोग्राम कोसळू शकतो. गो भाषेतील गेटएन्व्ह मात्र दोन्ही स्थितींत रिक्त स्ट्रिंग देते. फरक कळण्यासाठी लुकअपएन्व्ह वापरतात.
* सत्य-असत्य: पायथनमध्ये कोणतीही अरिक्त स्ट्रिंग सत्य मानली जाते. त्यामुळे ‘फॉल्स’ हा शब्द मूल्य म्हणून दिला तरी अट पूर्ण होते.
* अदृश्य चिन्हे: विंडोजवर लिहिलेली फाइल लिनक्सवर वाचताना ओळीच्या शेवटचे कॅरेज रिटर्न मूल्याला चिकटून राहू शकते. विंडोजच्या सेट आज्ञेत बरोबर-चिन्हाआधी सोडलेली जागा नावाचा, तर नंतरची मूल्याचा भाग होते.

देवनागरी मजकूर

‘पनवेल’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये एकाराची मात्रा स्वतंत्र असल्याने त्यात पाच संकेतांक असतात, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन याप्रमाणे १५ बाइट. सी भाषेत समाप्तिचिन्ह धरून १६ बाइट लागतात. अक्षरे मोजून जागा राखल्यास मजकूर बाहेर सांडतो. दहाव्या बाइटवर तोडल्यास ‘व’ नंतरची मात्रा अर्धवट राहून स्ट्रिंग अवैध ठरते.

सुरक्षा

२०१४ मध्ये बॅश शेलमधील शेलशॉक हा दोष उघड झाला. व्हेरिएबलमधील फंक्शनच्या व्याख्येनंतर जोडलेला मजकूरही बॅश आज्ञा म्हणून चालवत असे. काही वेब सर्व्हर विनंतीतील माहिती व्हेरिएबलमधून पुढे देत असल्याने दूरस्थ हल्ला शक्य झाला.

दोषशोधन

मूल्य अवतरणचिन्हांत व लांबीसह छापल्यास अदृश्य चिन्हे उघड होतात. पासवर्डसारखी गुप्त मूल्ये मात्र छापत नाहीत. त्यांची केवळ लांबी तपासतात. मूल्ये आरंभी एकदाच वाचून, अनावश्यक जागा काढून अपेक्षित प्रकारात बदलली जातात. मूल्य अयोग्य असल्यास व्हेरिएबलचे नाव सांगून प्रोग्राम तेथेच थांबवणे इष्ट ठरते.