सांकवाळच्या पठारावरील विद्यापीठ : ‘बिट्स पिलानी’चा गोवा कॅम्पस

दाबोळीहून वेर्ण्याच्या दिशेने जाताना झुआरीनगर येथे महामार्गालगत ‘बिट्स पिलानी’चे प्रवेशद्वार दिसते. मुरगाव तालुक्यातील सांकवाळ गावच्या पठारावर वसलेला हा शैक्षणिक परिसर सुमारे १८० एकरांचा आहे. देशाच्या सर्व राज्यांतून विद्यार्थी येथे येतात. गोव्यातील पालकांना संस्थेचे नाव परिचित असले, तरी येथील प्रवेश कसा मिळतो, खर्च किती येतो आणि गोमंतकीय विद्यार्थ्याला काही प्राधान्य असते का, याविषयी बराच गैरसमज आढळतो. त्या दृष्टीने या संस्थेची ही ओळख.

पिलानीतील पाठशाळा ते अभिमत विद्यापीठ

संस्थेचे मूळ राजस्थानातील पिलानी या गावी आहे. शिवनारायण बिर्ला यांनी १९०१ मध्ये आपल्या नातवंडांच्या शिक्षणासाठी तेथे एक लहानशी पाठशाळा सुरू केली. त्या नातवंडांपैकी एक म्हणजे पुढे उद्योगपती म्हणून ख्यातनाम झालेले घनश्यामदास बिर्ला. या पाठशाळेचा विस्तार होत १९२९ मध्ये इंटरमिजिएट महाविद्यालय आणि १९४३ मध्ये पदवी महाविद्यालय उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संरक्षण दले आणि उद्योग यांना कुशल तंत्रज्ञ मिळावेत म्हणून पिलानीत तंत्रप्रशिक्षण केंद्र स्थापन झाले होते. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्याचेच रूपांतर अभियांत्रिकी महाविद्यालयात करण्यात आले.

पिलानीतील ही महाविद्यालये १९६४ मध्ये एकत्र आणून ‘बिर्ला इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स’ ही संस्था स्थापण्यात आली. विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम ३ अन्वये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. घनश्यामदास बिर्ला हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते. अमेरिकेतील फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेशी तिचे सहकार्य १९७४ पर्यंत चालले. सत्रपद्धती, वर्षभर चालणारे अंतर्गत मूल्यमापन आणि गुणांऐवजी श्रेणी ही आज सर्वत्र रुळलेली वैशिष्ट्ये या संस्थेने त्याच काळात स्वीकारली. देशातील बहुतेक विद्यापीठे तेव्हा वार्षिक परीक्षेवरच अवलंबून होती. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ म्हणून ज्या पहिल्या सहा संस्थांची निवड केली, त्यांत बिट्सचा समावेश होता.

गोव्यात आगमन

पिलानीबाहेर संस्थेचा पहिला विस्तार २००० मध्ये दुबई येथे झाला. त्यानंतर २००४ मध्ये गोवा आणि २००८ मध्ये हैदराबाद येथे कॅम्पस सुरू झाले. गोव्याची निवड होण्यामागे जुना औद्योगिक संबंध आहे. झुआरीनगर हे नाव ज्या खत कारखान्यावरून रूढ झाले, तो कारखाना कृष्णकुमार बिर्ला यांच्या उद्योगसमूहाशी निगडित होता आणि तेच त्या काळी विद्यापीठाचे कुलपती होते. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते मे २००६ मध्ये गोवा कॅम्पसचे औपचारिक उद्घाटन झाले. कृष्णकुमार बिर्ला यांचे २००८ मध्ये निधन झाले. आता हा परिसर ‘के. के. बिर्ला गोवा कॅम्पस’ या नावाने ओळखला जातो.

पिलानी, गोवा आणि हैदराबाद ही एकाच विद्यापीठाची तीन केंद्रे आहेत. त्यामुळे प्रवेशपरीक्षा एकच असते, अभ्यासक्रमाची रचना समान असते आणि पदवीही एकाच विद्यापीठाची मिळते.

अभ्यासक्रम

गोवा कॅम्पसमध्ये संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स अँड इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल आणि केमिकल या शाखांत चार वर्षांची बी. ई. पदवी घेता येते. स्थापत्य अभियांत्रिकी आणि बी. फार्म. हे अभ्यासक्रम पिलानी व हैदराबाद येथे चालतात. त्या शाखा हव्या असलेल्या गोमंतकीय विद्यार्थ्याला कॅम्पस घराजवळ असूनही बाहेरगावी जावे लागते.

बारावीनंतर थेट एम. एस्सी.ला मिळणारा प्रवेश हे या संस्थेचे वेगळेपण. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र हे विषय त्यासाठी उपलब्ध आहेत. असा प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाच्या श्रेणीगुणांनुसार अभियांत्रिकीची एक शाखाही मिळू शकते. पाच वर्षांत दोन्ही पदव्या पूर्ण होतात. मात्र मनाजोगती अभियांत्रिकी शाखा मिळेलच याची खात्री नसते. ती पहिल्या वर्षाच्या कामगिरीवर ठरते. केवळ अभियांत्रिकीच्या ओढीने हा मार्ग धरणाऱ्यांनी निवडलेल्या विज्ञानविषयाची आपल्याला खरोखर आवड आहे का, हे आधी तपासून पाहावे.

‘प्रॅक्टिस स्कूल’ हा अभ्यासक्रमाचा आणखी एक महत्त्वाचा भाग. दुसरे वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात सुमारे दोन महिने आणि अंतिम वर्षात सुमारे साडेपाच महिने विद्यार्थी उद्योगांत किंवा संशोधन संस्थांत प्रत्यक्ष काम करतात. या कामाचे मूल्यमापन होऊन त्याचे श्रेयांक पदवीत धरले जातात. अंतिम वर्षात त्याऐवजी प्रबंधाचा पर्यायही घेता येतो.

प्रवेश कसा मिळतो?

पदवीचा प्रवेश ‘बिटसॅट’ या संगणकाधारित परीक्षेवर होतो. ही परीक्षा २००५ पासून घेतली जाते. तीन तासांत १३० प्रश्न सोडवायचे असतात. भौतिकशास्त्र ३०, रसायनशास्त्र ३०, गणित ४०, तर्कबुद्धी २० आणि इंग्रजी १० अशी त्यांची विभागणी असते. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. एकूण गुण ३९०. वेळेआधी सर्व प्रश्न सोडविणाऱ्याला १२ जादा प्रश्न घेण्याची मुभा असते, पण ते घेतल्यावर आधीच्या उत्तरांकडे परतता येत नाही. परीक्षा दोन सत्रांत होते आणि दोन्ही सत्रे दिल्यास त्यांतील अधिक गुण ग्राह्य धरले जातात.

परीक्षेतील गुणांबरोबर बारावीचीही अट आहे. अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तीन विषयांत मिळून किमान ७५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ६० टक्के गुण हवेत. बारावी त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी उत्तीर्ण झालेली असावी लागते. म्हणजे तयारीसाठी फार तर एक वर्ष थांबता येते. केंद्रीय व राज्य मंडळांच्या परीक्षांत प्रथम क्रमांक मिळविणाऱ्यांसाठी थेट प्रवेशाची तरतूद आहे.

गोव्यातील पालकांनी ध्यानात घ्यावी अशी मुख्य बाब येथेच आहे. कॅम्पस गोव्यात असला, तरी गोमंतकीयांसाठी येथे राखीव जागा नाहीत आणि सामाजिक प्रवर्गनिहाय आरक्षणही नाही. राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होणारी प्रवेशप्रक्रिया येथे लागू होत नाही. फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात निवासी दाखल्याला महत्त्व असते आणि कुंकळ्ळीच्या एनआयटीत गृहराज्याचा कोटा असतो. झुआरीनगरला मात्र वास्कोचा विद्यार्थी आणि पाटण्याचा विद्यार्थी एकाच गुणवत्ता यादीत उभे असतात. विद्यार्थी कॅम्पस व शाखा यांचा पसंतीक्रम भरतात आणि गुणांनुसार जागांचे वाटप होते. बिटसॅटची तयारी न करता ‘जवळच आहे, मिळेल’ या भरवशावर राहणे म्हणूनच हिताचे ठरत नाही.

खर्चाचा हिशेब

संस्था सरकारी अनुदानावर चालत नसल्याने शुल्क मोठे आहे. अलीकडच्या तुकड्यांसाठी केवळ शिक्षणशुल्कच वर्षाला पाच लाख रुपयांहून अधिक आहे. चार वर्षांचा हा आकडा वीस लाखांच्या पुढे जातो. प्रवेशाच्या वेळचे एकरकमी शुल्क, वसतिगृह, भोजनालय आणि उन्हाळी सत्र यांचा खर्च त्याहून वेगळा. पहिल्या प्रॅक्टिस स्कूलच्या उन्हाळ्यासाठीही शुल्क भरावे लागते, हे अनेकांच्या हिशेबातून सुटते. शुल्क वर्षागणिक वाढत आले असल्याने प्रवेशवर्षाचे अधिकृत पत्रक पाहूनच चार किंवा पाच वर्षांची बेरीज करावी. विद्यापीठ निवासी असल्यामुळे घर जवळ असले म्हणून वसतिगृहाचा खर्च वाचेल, हे गृहीत धरू नये.

या खर्चाला काही आधारही उपलब्ध आहेत. गुणवत्ता आणि गरज या दोन्ही कसोट्यांवर दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्काचा काही टक्के भाग माफ होतो. कौटुंबिक उत्पन्न आणि श्रेणीगुण पाहून ती ठरते. पुढील सत्रांत ती टिकवायची तर अभ्यासातील कामगिरीही टिकवावी लागते. प्रवेश मिळाला म्हणजे शिष्यवृत्ती मिळालीच, असे समजू नये. याशिवाय गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना गोमंतकीय विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या अटी, मर्यादा आणि अर्जाची मुदत प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच पाहून ठेवणे सोयीचे ठरते.

कॅम्पसवरील जीवन

वर्गातील हजेरीची सक्ती नाही, ही बिट्सची सर्वाधिक चर्चिली जाणारी प्रथा. विद्यार्थी आपले वेळापत्रक बऱ्याच अंशी स्वतः आखतात आणि मोकळा वेळ कसा घालवायचा हेही स्वतःच ठरवतात. नाट्य, संगीत, रोबोटिक्स, वादविवाद, छायाचित्रण अशा विषयांची मंडळे विद्यार्थीच चालवतात. ‘वेव्हज’ हा सांस्कृतिक, ‘क्वार्क’ हा तांत्रिक आणि ‘स्प्री’ हा क्रीडा महोत्सव ही गोवा कॅम्पसची ओळख बनली आहे. त्यांचे आयोजन, प्रायोजक मिळविणे आणि हिशेब सांभाळणे ही कामेही विद्यार्थ्यांकडेच असतात.

या मोकळिकीची दुसरी बाजूही आहे. हजेरी विचारणारा कोणी नसला, तरी सत्रभर चालणारे मूल्यमापन थांबत नाही. शाळेत नेहमी पहिला येणारा विद्यार्थी येथे आपल्यासारख्याच शेकडो जणांत येऊन पडतो. मागे पडल्याचे लक्षात येईपर्यंत कित्येकदा अर्धे सत्र उलटून गेलेले असते. घेतलेल्या कर्जाची जाणीव सोबत असली, तर हा ताण दुणावतो. अलीकडच्या काळात या कॅम्पसवर झालेल्या विद्यार्थ्यांच्या मृत्यूंनी गोव्यात चिंता व्यक्त झाली आणि मानसिक आरोग्याचा प्रश्न ऐरणीवर आला. अशा मृत्यूंमागे एकच एक कारण शोधणे योग्य नव्हे. मात्र मूल वसतिगृहात पोहोचले म्हणजे पालकांची जबाबदारी संपली, असेही नव्हे. ‘किती गुण पडले?’ याआधी ‘झोप होते का, जेवतोस का, मित्र आहेत का?’ हे विचारणारा फोन घरून येत राहणे मोलाचे असते. मन खचले असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते.

निर्णय घेण्यापूर्वी

अकरावीत विज्ञान शाखा घेतानाच बिटसॅटचा विचार झाला, तर तर्कबुद्धी आणि इंग्रजी या दोन विभागांची तयारी वेळेत होते. जेईईच्या अभ्यासात या विभागांकडे सहसा दुर्लक्ष होते. अर्ज भरताना फर्मागुढी आणि एनआयटी हे पर्यायही खुले ठेवावेत. तेथे गोव्याचा रहिवास उपयोगी पडतो आणि खर्चही तुलनेने कमी येतो. झुआरीनगरची निवड करायची तर हवी ती शाखा, पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च आणि मुलाची स्वतःहून अभ्यास करण्याची सवय, या तीन गोष्टी घरी एकत्र बसून तपासाव्यात. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर गोव्याच्या भूमीवर असलेल्या या विद्यापीठाचे दार गोमंतकीय विद्यार्थ्यालाही इतरांइतकेच खुले आहे.